सारखा म्हणा, एकच म्हणू नका

बोरसेबाई प्लेटचा वास घेत. असं करू नये हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि आम्हा टेक्निशियन मंडळींना त्यांनी पहिल्याच दिवशी तशी तंबी दिलेली होती. पण सकाळी इन्क्युबेटर उघडून, आत उबेत वाढलेल्या जंतूंच्या काचेच्या प्लेटा टेबलावर मांडल्या, की बाई एकेकीचं झाकण किंचित उचलून नाकाशी नेत आणि डोळे मिटत. "द्राक्षं," म्हणत. किंवा "ओली माती." किंवा नुसतंच "हं." नंतर सगळ्या चाचण्या आम्ही रीतसर करायचो आणि बहुतेक वेळा त्यांच्या नाकाचं बरोबर निघायचं. एकदा मी धीर करून म्हटलं, "बाई, आम्हाला नको म्हणता आणि स्वतः घेता." त्या म्हणाल्या, "पाटील, माझं नाक आता निवृत्तीला आलंय. तुमचं अजून नवं आहे."

हे नव्वदच्या दशकातलं. सुरतेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात बाई लॅबच्या प्रमुख होत्या. डॉक्टर शकुंतला बोरसे, माहेर अमळनेरकडचं, शिक्षण पुण्याचं. मराठी स्टाफ त्यांना बाई म्हणे, गुजराती स्टाफ बेन, आणि उधना-बमरोलीकडून येणाऱ्या आमच्या खानदेशी आया आणि सफाईवाल्या दोन्ही म्हणत. बाईंचं चरित्र मला ठाऊक नाही. त्या एकट्या राहत, सुती साड्या नेसत आणि चहात साखर घालत नसत, एवढं ठाऊक आहे. बाकी कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांचं एक वाक्य मात्र सगळ्या हॉस्पिटलला पाठ होतं. दोन रोग्यांकडून आलेले जंतू पाहून कोणी म्हणालं, "मॅडम, एकच आहे," की बाई मान वर न करता म्हणत, "सारखा म्हणा, एकच म्हणू नका." नव्या डॉक्टरांना हा फाजीलपणा वाटे. दोन प्लेटांवर तेच पिवळे ठिपके, तीच औषधं लागू पडतात, तीच पडत नाहीत, मग एक म्हणायला हरकत काय? बाई शांतपणे विचारत, "किती पद्धतींनी पाहिलंत?" उत्तर अर्थातच 'एका' असं असे. "मग एका पद्धतीला ते वेगळे दिसत नाहीत, एवढंच तुम्हाला कळलंय. जंतूंबद्दल नाही, पद्धतीबद्दल कळलंय."

हे त्या सगळ्यांना सुरतेच्या भाषेत समजावून देत. औषधांच्या चकत्या प्लेटवर ठेवून जंतू कशाला दाद देतो ते पाहायचं, ही आमची रोजची पद्धत. स्वस्त, सोपी, दुसऱ्या दिवशी उत्तर. बाई म्हणत, "ही साडी पाहून माणूस ओळखण्यासारखी गत आहे. इथल्या गिरण्यांतून एका डिझाइनच्या हजार साड्या निघतात. दोन बायकांनी तीच नेसली म्हणून त्या सख्ख्या बहिणी होत नाहीत. आणि सख्खी बहीण घरी जाऊन साडी बदलूही शकते." त्यांच्या मते या पद्धतीचा खरा उपयोग वेगळेपण दाखवण्याचा होता, सारखेपणा सिद्ध करण्याचा नाही.

याचा अनुभव इच्छापोरच्या एका कारखान्यातल्या कँटीनच्या आचाऱ्याने घेतला होता. श्रीखंड खाऊन कामगारांना उलट्या झाल्या. आचाऱ्याच्या बोटावर पिकलेला फोड. आणखी काय हवं? मॅनेजरने त्याला काढायचं ठरवूनच नमुने आमच्याकडे पाठवले होते; त्याला फक्त आमचा शिक्का हवा होता. श्रीखंडात स्टॅफ निघाला, फोडातही स्टॅफ निघाला. हा जंतू माणसाच्या नाकात आणि कातडीवर सुखाने नांदतो आणि संधी मिळाली की फोड करतो, रक्तात शिरतो, अन्नही नासवतो. मॅनेजर फोनवर खूश झाला. पण चकत्यांवर दोघांचं रूप अगदी निराळं निघालं, आणि बाईंनी लेखी कळवलं की हा तो नव्हे. आचारी वाचला. कृतज्ञ माणूस, तो पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन लॅबमध्ये आला. बाईंनी पुडा घेतला, आभार मानले, आणि तो गेल्यावर एक पेढा मोडून प्लेटवर लावला. दोन दिवसांनी बाहेर येऊन म्हणाल्या, "खायला हरकत नाही." आम्ही ते पेढे पहिल्याच दिवशी संपवले होते.

अशा गोष्टींमुळे बाई माणसांना सोडवतात, असा आमच्या आयाबायांमध्ये लौकिक झाला. बाईंना तो लौकिक आवडत नसे. "मी कोणाला सोडवत नाही," त्या म्हणत. "जे दिसतं ते सांगते." मला वाटतं, मनातून थोडा आवडत असावा.

मग नवजात बाळांच्या वॉर्डातलं प्रकरण झालं.

आधी एका बाळाच्या बेंबीशी पू झाला, मग दुसऱ्याच्या मानेवर फोड आले, आणि मग एक मुलगा रक्तात जंतू जाऊन दगावला. सगळ्यांत स्टॅफ, आणि तो बऱ्याच औषधांना न जुमानणारा. बाई स्वतः रोज वॉर्डात जाऊन नमुने घेत होत्या. बाळांच्या विभागाचे प्रमुख डॉक्टर देसाई सुरतेतले नामांकित, हाताला यश असलेले आणि त्या दिवसांत झोप उडालेले. त्यांनी वॉर्डात काम करणाऱ्यांच्या नाकातले नमुने घ्यायला सांगितले. कोणाच्या नाकात हा जंतू मुक्कामाला असेल तर हातावाटे तो बाळांपर्यंत जातो, हे खरंच आहे.

आता आमच्याकडे नाकालाही हुद्दा असे. नमुने घ्यायचे म्हणजे सफाईवालीपासून सुरुवात, मग आया, मग सिस्टर, आणि फार झालं तर शिकाऊ डॉक्टर. तिथे यादी थांबे. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. तशी पद्धतच होती आणि कोणाच्या ती लक्षातही येत नसे. या वेळीही तसंच झालं, आणि मंगलाबाई नावाच्या आयाच्या नाकातला स्टॅफ चकत्यांवर बाळांच्या स्टॅफसारखा निघाला.

मंगलाबाई बमरोलीत राहायची. माणूस लूमवर, यंत्रमागावर, कामाला, मूळ गाव साक्रीकडचं. हाताची फार मऊ. रडणारं पोर तिने घेतलं की गप्प व्हायचं, म्हणून सिस्टर तिला सोडत नसत. घरी तिच्या चाळीतल्या बाळंतिणींच्या पोरांना तेल लावून न्हाऊ घालायचं कामही तीच करी. देसाईंनी तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. कायमचं काढण्याचा निर्णय बाईंच्या अहवालावर ठेवला. पण बमरोलीला निर्णयाची वाट पाहण्याची गरज नव्हती. मंगलाच्या हाताने पोर मेलं, असं आठवडाभरात चाळीत झालं. बाळंतिणींनी तिला बोलवणं बंद केलं. एकीने तर तिला पाहून मूल पदराखाली झाकलं, हे ती मला सांगत होती तेव्हा रडत नव्हती, आणि ते मला जास्त लागलं.

देसाई लॅबमध्ये आले तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी खुर्चीही ओढली नाही. "बेन, हा के ना? एटलुं ज कहो." हो की नाही, एवढंच सांगा.

"सारखा आहे," बाई म्हणाल्या. "एकच आहे की नाही, ते माहीत नाही. चकत्यांवर अर्ध्या हॉस्पिटलचा स्टॅफ असाच दिसतो."

"मेलेल्या मुलाच्या बापाला मी हे सांगू?"

"मला वेळ द्या. दिल्लीला पाठवते. आणि नाकं सगळ्यांची घेते. तुमचंही."

मग बाईंनी माझ्यासमोरच कापसाची काडी घेतली, स्वतःच्या नाकात फिरवली आणि नळीत घातली. देसाईंना त्यानंतर नाही म्हणता येईना. उरलेल्यांची नाकंही त्याच दुपारी झाली.

बाहेर पाठवायच्या नमुन्यांना बाई कधी माणसाचं नाव देत नसत. नाव वाचलं की डोळा आधीच ठरवतो, म्हणत. आकड्यांवरही त्यांचा विश्वास नव्हता. त्या धान्यांची नावं देत. बाळांचे झाले मूग, मठ आणि कुळीथ. ज्यांच्या नाकातला स्टॅफ चकत्यांवर तसाच दिसला त्यांचे तूर, भगर, दादर. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. कोणतं धान्य कोण हे फक्त त्यांना ठाऊक. देसाईंच्या नाकात काही उगवलंच नाही. ते त्यांनी स्वतःच सगळ्यांना दोनदोनदा सांगितलं.

दिल्लीची पद्धत वेगळी. जंतूंना खाणारे विषाणू असतात. त्यांचे ठरावीक थेंब जंतूंच्या थरावर सोडायचे आणि कोणत्या थेंबाने जंतू मरतो ते पाहायचं. प्रत्येक स्टॅफ आपल्या ठरावीक शत्रूंनाच बळी पडतो, त्यावरून कूळ काढायचं. मंगलाबाई रोज दुपारी जिन्याखालच्या बाकावर येऊन बसे आणि मी दिसलो की विचारी, "भाऊ, उना का दिल्लीना कागद?" कागद काही आठवड्यांनी आला. तूर कुठल्यातरी दोन विषाणूंनी मेली होती. मूग, मठ, कुळीथ, भगर आणि दादर यांना एकही विषाणू लागू पडला नव्हता. शेरा होता, प्रकार ठरवता येत नाही.

"एटले एक ज," देसाई म्हणाले. एकच.

"दोघांनी दार उघडलं नाही म्हणून दोघं एका घरचे होत नाहीत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा चढा होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या बाजू घेतायत. जे दिसतं ते सांगणारा माणूस असा घाईने बोलत नाही.

मुंबईच्या एका संशोधन संस्थेत तेव्हा नवं यंत्र आलं होतं. जंतूचा गाभा, म्हणजे त्याचा डीएनए, मोजक्या ठिकाणी कापायचा, ते मोठमोठे तुकडे जेलीसारख्या थरातून विजेच्या जोरावर पळवायचे. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात, आणि शेवटी प्रत्येक जंतूचे आडवे पट्टे उमटतात. साडी नाही, कातडीच पाहायची म्हणा ना. वेळखाऊ, महाग आणि त्या काळात तरी याहून बारीक काही नव्हतं. बाईंनी ओळखीतून सोय केली. नळ्या गेल्या. मुंबईहून एका मुलीचा फोन आला, "मॅडम, भगर म्हणजे नेमकं काय?" बाई म्हणाल्या, "उपासाला खातात ती."

फोटो दुपारी आला. काळ्या कागदावर पांढरे पट्टे. बाईंनी पट्टी लावून एकेक रांग पाहिली, चष्मा काढला, पुसला, परत पाहिली. तूर वेगळी होती, कोणालाही दिसली असती. मूग, मठ, कुळीथ एका सरळ रेषेत. भगर त्यांच्या रेषेत. दादरही.

"भगर म्हणजे मंगलाबाई ना?" मी विचारलं. इतक्या दिवसांत तेवढा अंदाज मला आला होता.

"हो."

"आणि दादर कोण?"

"मी," बाई म्हणाल्या, आणि फोटो टेबलावर सरळ ठेवला.

हे कोणालाच माहीत नव्हतं आणि माहीत होण्याचं कारणही नव्हतं. दादर नावाची नळी वाटेत फुटली म्हटलं असतं तरी चाललं असतं. बाई मात्र उठल्या, वॉश बेसिनपाशी गेल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या. चूळही भरली. मग म्हणाल्या, "पाटील, तिला बोलवा वर."

मंगलाबाई आली आणि दाराशीच उभी राहिली. बाई तिच्याशी अहिराणीत बोलत, पण ते बहुधा थट्टेपुरतं असे. त्या दिवशी सगळंच अहिराणीत झालं.

"सारखाच निंघना, मंगलाबाई," बाई म्हणाल्या. "पोऱ्हेसना, तुन्हा आनि मन्हा."

मंगलाबाईला त्यातला शेवटचा शब्द, 'माझा', ऐकूच आला नाही. तिने जे इतके दिवस गिळून ठेवलं होतं ते विचारलं. "तो पोऱ्या मन्हामुये गया का, बाई?"

"माले माहीत नही. तुन्हामुये का मन्हामुये, ते कोनलेच सांगता येवाव नही."

मंगलाबाईने बाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग ती पुढे येऊन स्टुलावर बसली. बाईंसमोर बसताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मीटिंगमध्ये बाईंनी तेच सांगितलं, फक्त प्रमाण मराठीमिश्रित गुजरातीत. "बाळांचा, मंगलाबाईचा आणि माझा जंतू या सर्वांत बारीक पद्धतीलाही वेगळा दिसत नाही." देसाई कपाळाला हात लावून म्हणाले, "बेन, तमारुं कोणे पूछ्युं हतुं?" तुमचं कोणी विचारलं होतं? त्यात राग नव्हता, काकुळती होती. एका आयाने ही भानगड मिटली असती. आता त्यात लॅबची प्रमुख आली होती.

"मग आणला कोणी?" ट्रस्टच्या एका माणसाने विचारलं.

बाई म्हणाल्या, "या पट्ट्यांवरून नातं कळतं. कोणाकडून कोणाकडे गेला ते कळत नाही. आमची नाकं तपासली ती बाळं आजारी पडल्यानंतर. बाळांकडून आमच्यात आला असेल. मंगलाबाईकडून बाळांना गेला असेल. माझ्याकडून गेला असेल, मीही रोज त्या वॉर्डात होते." मग म्हणाल्या, "आणि मी प्लेटचा वास घेते. या बाळांच्या प्लेटांचाही घेतला. तिथूनही आला असेल. ती सवय नसती तर एक शक्यता तरी कमी करता आली असती. तिला काढणार असाल तर त्याच पुराव्यावर मलाही काढावं लागेल."

मंगलाबाईला काढलं नाही. दोघींना नाकात लावायचं मलम दिलं आणि नाक साफ होईपर्यंत दोघींना वॉर्ड बंद. तपासणीचे नमुने मी घेत होतो. बाई आपल्या खोलीत न थांबता बाहेर जिन्याखालच्या बाकावर मंगलाबाईशेजारी येऊन बसत आणि आपली पाळी आली की नाक वर करत. त्या बाकावर दोघी काय बोलत कोण जाणे. मी आलो की थांबत. दोघींचे अहवाल साफ आले. सगळ्यांनाच हात धुण्याची सक्ती झाली, देसाईही नळाच्या रांगेत दिसू लागले, आणि वॉर्डात तो प्रकार पुन्हा झाला नाही. यातलं कशामुळे काय थांबलं, हेही बाईंनी कधी कोणाला सांगितलं नाही.

मंगलाबाई वॉर्डात परत गेली. बाई गेल्या नाहीत. नमुने घ्यायला त्या मला पाठवत, स्वतः काचेच्या दारापाशी उभ्या राहत आणि आतल्या पाळण्यांकडे पाहत. साफ अहवाल त्यांनीच मला वाचून दाखवला होता, तरीही. मी एकदा म्हटलं, "बाई, आता काय हरकत आहे?" त्या म्हणाल्या, "काही नाही." आणि तिथेच उभ्या राहिल्या. शास्त्र जे नाही म्हणत होतं त्याला त्या माणूस म्हणून भीत होत्या, आणि मला त्यांची कीव आली. त्याच दिवशी त्या मला सर्वांत जास्त आवडल्या, हेही खरं.

प्लेटचा वास घेणं त्यांनी सोडलं. सकाळी इन्क्युबेटर उघडला की झाकणं बंद ठेवूनच त्या प्लेटा उजेडाकडे धरून बघत. लॅबमध्ये कोणी त्याबद्दल बोलत नसे.

निवृत्त होऊन सुरत सोडण्याच्या आधी त्यांना बमरोलीचं बोलावणं आलं. मंगलाबाईच्या मुलीला मुलगी झाली होती, तिचं बारसं. बाई नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. पण त्या तयार झाल्या आणि मला बरोबर घेऊन गेल्या. त्यांना मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं.

एक खोली, बाहेर मांडव म्हणून बांधलेलं रंगीत कापड, आणि गल्लीपलीकडे लूमचा खडखड सतत चालू. चाळीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या, पोरं कडेवर घेऊन. मंगलाबाईच्या हाताची आता त्यांना भीती नव्हती. ती घोळक्यात ऐटीत फिरत होती. बाईंना एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. बाई सगळ्यांशी बोलत होत्या, हसत होत्या, आणि पाळण्यापासून खुर्ची जितकी मागे घेता येईल तितकी त्यांनी घेतली होती. पाठ भिंतीला टेकली होती.

मंगलाबाईने पाळण्यातून नात उचलली आणि सरळ बाईंपुढे आणून धरली. "ल्या बाई, धरा."

"ऱ्हाऊ दे," बाई म्हणाल्या. "माले सर्दी व्हयेल शे." सर्दी नव्हती. वाटेत येताना मी शेजारीच बसलो होतो.

मंगलाबाईने पोर बाईंच्या मांडीवर ठेवलं आणि हात काढून घेतला. आता धरण्यावाचून इलाज नव्हता. बाईंनी दोन्ही हातांनी मुलीला धरलं, मान वळवून दाराकडे केली, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होऊ लागला. इतर बायकांना वाटलं, बाईंना रडू येतंय, आणि त्या कौतुकाने पाहू लागल्या. मला कळायला वेळ लागला. बाईंनी श्वास धरून ठेवला होता.

मंगलाबाई त्यांच्यापुढे खाली बसली. मुलीच्या टाळूवर एक हात ठेवला, दुसऱ्याने बाईंची हनुवटी धरून तोंड पोरीकडे वळवलं.

"श्वास ल्या, बाई," ती म्हणाली.